भिंगावरचं कुंकू

मी ड्रोन उडवते असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. लग्नाच्या ऑर्डरी घेता का? नाही घेत. मी ज्या छोट्या कंपनीत काम करते ती भोसरीतल्या एका गाळ्यात आहे, आणि आमचा ड्रोन नवरदेवाच्या घोड्यावर नाही, चाकणच्या अलीकडे नाशिक रस्त्यावरच्या एका चौकावर उडतो. त्या चौकाला एका अंगाने माझ्या माहेरचा रस्ता येऊन मिळतो. कंटेनर, कंपन्यांच्या बस, सिमेंटचे मिक्सर आणि आमच्या गावाचे ट्रॅक्टर तिथे एकमेकांच्या अंगावर येतात. माझ्या लहानपणी तिथे एक पंक्चरचं दुकान सोडून काही नव्हतं, हे सांगण्यात अर्थ नाही. या पट्ट्यात प्रत्येक जण प्रत्येक चौकाबद्दल तेच सांगतो.

काम सांगायला सोपं आहे. ड्रोन वर उभा राहतो, कुठल्या बाजूला किती लांब रांग लागली आहे ते बघतो आणि सिग्नलला सांगतो. सांगतो ते उजेडाने. त्याच्या पोटाखाली एक दिवा आहे. तो इतक्या वेगाने उघडझाप करतो की आपल्या डोळ्यांना नुसता लागलेला दिसतो, पण त्या उघडझापीत निरोप असतो. सिग्नलच्या खांबावर टोपी घातलेलं एक गोल भिंग बसवलंय. ते निरोप वाचतं आणि खालच्या पेटीला कळवतं की पुण्याकडची रांग वाढली, इकडचा हिरवा लांबव. वायरलेसने का नाही, असं सगळे विचारतात. आमच्या साहेबांचं म्हणणं असं की इथे शेडाशेडात इतके वायरलेस एकमेकांशी भांडत असतात की आपला निरोप त्या गलक्यात हरवतो. उजेडाचं तसं नाही. फक्त भिंगाला दिवा दिसला पाहिजे, एवढी एकच अट.

ड्रोन दोन होते. एक वर असला की दुसरा खाली चार्जिंगला, म्हणजे त्यांनाही शिफ्ट. गावाच्या रस्त्याला लागून एका मोकळ्या प्लॉटवर पत्र्याची केबिन होती, तिथे मी बसायची. मोशीच्या कचरा डेपोवरच्या घारी अधूनमधून येऊन ड्रोनला टोचायच्या, तेव्हा चौकातले हवालदार मान वर करून मला बाहेरूनच ओरडायचे, “मॅडम, पाहुणे आले!” हे हवालदार नगरकडचे. आमची चाचणी सुरू झाली तेव्हा त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं की असली खेळणी खूप बघितलीत. नंतर त्यांचं मत जरा बदललं, कारण दुपारी जेवायला बसता येऊ लागलं.

आता आबांचं सांगते, म्हणजे माझ्या वडिलांचं. त्यांच्या किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा भोसरीला डायलिसिस. तिथेही शिफ्ट असते, आणि आबांची सकाळची. उशीर झाला तर मशीन तेवढाच वेळ कमी मिळतं, कारण पुढचा पेशंट बाहेर खुर्चीवर येऊन बसलेला असतो. त्याला काय सांगणार? मशीन कमी मिळालं की अंगातलं पाणी पुरतं निघत नाही. मग पाय सुजतात, धाप लागते, आणि आबा उशाला दोन उशा घेऊन बसून राहतात. आमच्या गावापासून भोसरी काही लांब नाही. लांब होता तो एवढाच एक चौक. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, तो कंपनीत सेकंड शिफ्ट मागून घेऊन सकाळी व्हॅन चालवायचा. मागच्या सीटवर आबा आणि आई. चौकात अडकले की तिघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. घड्याळाकडे बघायचं नाही, असा त्यांच्यात न बोलता ठरलेला नियम होता.

म्हणून या चौकाची चाचणी आमच्या कंपनीला मिळाली तेव्हा मी साहेबांच्या मागे लागून ती मागून घेतली. साहेबांना वाटलं मला माहेरच्या जेवणाची ओढ आहे. तीही होतीच.

आणि फरक पडला. गावाच्या रस्त्याला आधी डोळा मारल्यासारखा हिरवा मिळायचा, तो आता रांग बघून मिळू लागला. आबांनी ड्रोनचं नाव भुंगा ठेवलं. डायलिसिसच्या सेंटरमध्ये शेजारच्या खाटांवरच्यांना ते सांगायचे, “माज्या ल्येकीनं वर भुंगा लावून ठिवलाय. आमची गाडी दिसली की दिवा हिरवा करतोय.” मी त्यांना समजावलं की त्याला फक्त गाड्या दिसतात, कुणाची कुठली ते कळत नाही. “आसं कसं, तुला तर कळतंय का न्हाई?” आबा म्हणाले. मी नाद सोडला.

आईबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे. आबांचं डायलिसिस सुरू झाल्यापासून तिचं कुंकू मोठं झालं होतं. आधी ती टिकलीएवढं लावायची. घाई असली तर टिकलीच. आता रोज सकाळी आंघोळ झाली की आरशासमोर उभी राहून बोटभर ठसठशीत लावायची. घरात सगळ्यांनी ते बघितलं होतं. त्यावर कुणीही, कधीही, एक शब्द बोललं नाही. मीसुद्धा.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. आबा विळा-कोयता पुजायचे, पुढे ट्रॅक्टर, पुढे दादाची मोटरसायकल. आमच्या भोसरीच्या गाळ्यात लेथपासून झाडूपर्यंत सगळ्याला झेंडू लागतो. त्या वर्षी साहेब म्हणाले, पूजा चौकातल्या केबिनवरच करू, दुसऱ्या दिवशी दसऱ्याची गर्दी आहे, महापालिकेचे लोक त्या दिवशीचं काम बघणार आहेत, सामान पुसून लख्ख करून घेऊ. मग आम्ही खांबावरचं भिंगही उतरवलं. टेबलावर चादर टाकून दोन्ही ड्रोन, लॅपटॉप, रिमोट, भिंग असं सगळं मांडलं. हवालदारांनी आपली शिट्टी आणली आणि हळूच कडेला ठेवली. आई गावातून पुरणपोळीचा डबा घेऊन आली होती. साहेब तिला म्हणाले, “मावशी, तुमच्या हाताने होऊ द्या.”

आईने हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि सुरुवात केली. ड्रोनच्या पोटाला, लॅपटॉपच्या कोपऱ्याला, शिट्टीला. कुंकू तिने घरून तेलात कालवून आणलं होतं, वाऱ्याने उडू नये म्हणून. भिंगाशी आली तेव्हा तिने मला विचारलं, “ह्योच डोळा व्हय गं तुमचा? ह्याला दिसतं म्हनून आबांची गाडी निघती?”

“हो,” मी म्हणाले.

तिने दोन बोटं हळदीत बुडवली आणि ऐन भिंगाच्या काचेवर टेकवली. मग त्यावर कुंकू. लावताना ओठ हलत होते. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण अंदाज होता.

आम्हा सगळ्यांना माहीत होतं की त्या काचेवर धुळीचा कणसुद्धा चालत नाही. दर आठवड्याला ती मीच मऊ कापडाने पुसायची, आणि नव्या मुलांना बोट लावलं म्हणून ओरडायची. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी साहेबांकडे बघितलं. खंडेनवमीच्या दिवशी, सवाष्णीने लावलेलं कुंकू, ते लावणारी समोर उभी असताना कोण पुसणार? आणि त्यातही ही सवाष्ण? साहेब इंजिनिअर आहेत, परदेशात शिकून आले आहेत. ते घसा खाकरून म्हणाले, “काठाने मोकळी आहे काच. चालतंय.”

हा शब्द या पट्ट्यात नटबोल्टपेक्षा जास्त वापरला जातो. आम्ही भिंग तसंच वर चढवलं, ऊन कललं होतं, ड्रोन उडवून बघितला तर निरोप व्यवस्थित येत होता. सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि पुरणपोळ्या खाल्ल्या. शिडी नवरात्राच्या मंडळाची पोरं लायटिंगसाठी मागून घेऊन गेली. दिली मीच.

दसऱ्याला कंपन्यांना सुट्टी असते, किडनीला नसते. सकाळी दादाचा फोन आला, निघतोय. मी केबिनमध्ये होते. साहेब सांगवीला घरची पूजा उरकून येणार होते. चौकाच्या चारी कडांना झेंडूवाल्यांनी पोती उघडली होती, शोरूममधून निघालेल्या नव्या गाड्या हार घालून बावरल्यासारख्या चालल्या होत्या, आणि फुलं घ्यायला जो तो मध्येच थांबत होता. तरी सुरुवातीला सगळं ठीक चाललं. मग ऊन वर आलं आणि माझ्या स्क्रीनवरचा, निरोप पोचल्याचा हिरवा ठिपका लुकलुकला. परत आला. परत गेला. मग लालच झाला.

निरोप पोचला नाही की सिग्नल आपल्या जुन्या ठरलेल्या वेळांवर जातो. म्हणजे गावाच्या रस्त्याला परत डोळा मारल्याएवढा हिरवा. मी आधी ड्रोनवर संशय घेतला. तो उतरवला, दुसरा चढवला. लाल. दिव्याचा जोर वाढवला. लाल. बाहेर हवालदार शिट्टी फुंकून हातवारे करत होते, पण जमिनीवर उभ्या माणसाला पुढच्या चार गाड्या दिसतात, मागची रांग दिसत नाही. एक बाजू सोडावी तर दुसरीकडचे दुचाकीवाले मोकळी जागा भरून टाकत होते. बघता बघता चौकाचा मधला भाग गच्च भरला आणि कुणालाच पुढे-मागे होता येईना.

मी स्क्रीनवर गावाच्या रस्त्याकडे बघितलं. झेंडूच्या ट्रॅक्टरमागे आमची व्हॅन होती. दादाने बॉनेटला हार घातला होता, त्यावरून ओळखली. आबा म्हणायचे ते खरं होतं, मला कळतं. व्हॅन हलत नव्हती. मी बघत राहिले आणि ती हलत नव्हती. सरळ सांगते, मला भीती वाटली. आदल्या खेपेलाही आबांच्या पायांची सूज उतरली नव्हती. वरून मला अख्खा चौक दिसत होता, आणि बापासाठी काही करता येत नव्हतं. स्वतःचा असा राग मला क्वचितच आला असेल, कारण आता संशय घ्यायला ड्रोन उरलाच नव्हता. मी कॅमेरा खांबाकडे वळवला. रोज आम्ही रस्ते बघतो, खांब कोण बघतो? जवळ घेतला. भिंगावर ऊन पडलं होतं आणि काचेवर हळद-कुंकवाचा जाड पापुद्रा, त्यावर रात्रीतून चिकटलेली धूळ. संध्याकाळच्या कमी उजेडात काठातून जे दिसत होतं ते भर उन्हात दिसेना झालं होतं. यात नवीन मला काहीच कळलं नाही. कालच माहीत होतं सगळं.

कॅमेरा परत अख्ख्या चौकावर सोडून मी धावत बाहेर गेले. हवालदारांना म्हणाले, शिडी हवी. शिडी मंडळाकडे, मंडळ पलीकडे, मध्ये हा चक्का जाम. खांबाला खेटून एक मोठा ट्रक अडकून उभा होता. बीडकडची पासिंग. ड्रायव्हर खिडकीत हात टेकून कंटाळलेला.

“भाऊ, तुमच्या टपावर चढू का?”

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “चढा की ताई. तसंबी मी कुठं चाललोय?”

मी दसऱ्याचा नवा पंजाबी ड्रेस घातला होता. त्याने चाकावर पाय कुठे ठेवायचा ते दाखवलं, हवालदारांनी खालून आधार दिला, आणि मी टपावर उभी राहिले तसे ते केबिनमध्ये ठिपका बघायला गेले. भिंग आता हाताशी होतं. अख्खा चौक माझ्याकडे बघत होता, कारण दुसरं करायला कुणाकडे काही नव्हतं. मोबाइलही निघाले.

रुमालाने पुसायला गेले तर तेलातलं कुंकू पसरलं. होता तो डाग अख्ख्या काचेभर झाला. आधीपेक्षा वाईट. मी खाली हात केला, ड्रायव्हरने पाण्याची बाटली दिली. पाणी ओतलं, तर लाल ओघळ माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आला. शेवटी ओढणीचं टोक ओलं केलं आणि घासत बसले. दोनदा, तीनदा, परत पाणी, परत ओढणी. व्हॅनकडे मी मुद्दाम बघितलं नाही. तिच्यात कोण बसलंय ते मला माहीत होतं, आणि मी काय पुसतेय तेही. पुसायचं होतंच.

“लागला!” केबिनच्या दारातून हवालदार ओरडले. “मॅडम, हिरवा लागला!”

चौक काही एका क्षणात मोकळा झाला नाही. आधी पुण्याकडची तोंडं सुटली, मग मधला भाग रिकामा झाला, मग गावाच्या रस्त्याला चांगला लांबलचक हिरवा मिळाला. मी टपावरून उतरेपर्यंत झेंडूचा ट्रॅक्टर निघून गेला होता. व्हॅन समोरून गेली तेव्हा दादाने नुसता हॉर्न वाजवला. बीडचा ड्रायव्हर म्हणाला, “ताई, बाटली राहू द्या तुमच्याकडं,” आणि तोही गेला. कोपरापर्यंत लाल झालेला हात घेऊन मी खांबाखाली उभी राहिले.

आबांना उशीर झाला तो झालाच. सेंटरमधल्या मुलीने पुढच्या पेशंटला विनवून जेवढा वेळ देता आला तेवढा दिला, पण पाणी पुरतं निघालं नाही. दुपारी येताना दादाने व्हॅन केबिनशी थांबवली. आबा मागे डोकं टेकून बसले होते. त्यांनी माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणाले, “तुजा भुंगा आज पेंगला व्हता का काय?”

“हो आबा. डोळ्यात कचरा गेला होता त्याच्या.”

आई खाली उतरली. तिने आधी माझा हात बघितला. साबणाने धुतला होता तरी नखांत लाल राहिलं होतं. मग वर खांबाकडे बघितलं.

“माज्या कुकवानंच झालं न्हवं?”

मी हात मागे घेतला.

“काल ठाव व्हतं तुला?”

“हो.”

“मग सांगायचं न्हाई व्हय? मी काय म्हनले असते तर म्हनले असते. पुसून टाकायचं तिथल्या तिथं.” तिचा आवाज चढला होता. “त्यांच्या जिवापुढं कुकवाचं काय घिऊन बसलीस? येडी समजतीस का मला?”

तिचं बरोबर होतं. मी आणि साहेब आणि हवालदार, आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की हिला सहन होणार नाही. तिला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आईने कमरेची पिशवी उघडली, करंडा काढला आणि म्हणाली, “आता सांग, कुठं लावू?” मी खांबाचा पायथा दाखवला. तिने वाकून तिथे बोट टेकवलं. “हितं काय आडवं यील?” मी म्हणाले, इथे नाही. व्हॅन गेली. हवालदार तोवर शिट्टी साफ करत, आपल्याला काही ऐकू आलं नाही असं दाखवत उभे होते.

दसऱ्यानंतर कामाच्या पहिल्या दिवशी साहेबांनी महापालिकेला द्यायचा अहवाल मागितला. निरोप नेमका कधी तुटला आणि कधी परत आला ते बघायला मी ड्रोनचं रेकॉर्डिंग लावलं. कारण काय लिहायचं, असं साहेबांना विचारलं तर ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, “भिंगावर धूळ साचली होती, असं लिहा.” तसंच लिहिलं.

रेकॉर्डिंगमध्ये मी दिसले. ट्रकच्या टपावर, पाठमोरी, ओढणी काढून काही तरी घासतेय. वरून माणूस फार लहान दिसतो. मग मी चित्र गावाच्या रस्त्याकडे सरकवलं. व्हॅनचं मागचं दार उघडं होतं. आबा आत होते, त्यांचे सुजलेले पाय तेवढे दाराशी दिसत होते. दाराबाहेर हिरव्या लुगड्यातली आई उभी होती, माझ्याकडे तोंड करून. आजूबाजूचे सगळे मोबाइल वर धरून होते. तिचा एक हात आबांच्या पायावर होता आणि दुसरा स्वतःच्या कपाळावर, तळवा कुंकवावर झाकून धरलेला. मी घासत होते तोवर तो तिथेच होता. हिरवा लागला, पुढचा ट्रॅक्टर हलला, दादाने गाडी सुरू केली, तेव्हाच तिने तो खाली घेतला.